सरत्या वर्षाचा हिशेब कसा मांडावा? घर आणि धंदा एकाच छपराखाली असलेल्यांनी कृपया लिहावे

रातांबा (वेंगुर्ले तालुका)

नमस्कार. २०२५ हे वर्ष संपत आले आहे. जानेवारीत आमच्या महिला बचत गटाची बैठक आहे आणि तीत प्रत्येकीने आपले वर्ष कसे गेले यावर थोडे बोलावे, असे ठरले आहे. घेतलेले कर्ज, फेडलेले हप्ते, विकलेला आणि उरलेला माल हे सर्व माझ्या वहीत आहे आणि ते वाचून दाखवायला काहीच अडचण नाही. अडचण त्यापुढची आहे. वही मिटल्यावर हे वर्ष चांगले गेले की वाईट, याचे उत्तर मला स्वतःलाच देता येत नाही, म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारते आहे.

आमचा घरगुती धंदा आमसुले, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आंबापोळी आणि फणसपोळी यांचा आहे आणि जोडीला पर्यटकांसाठी न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या आहेत. या सगळ्याला मे महिन्याचे कडक ऊन लागते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया आणि गर काढायचा, साली त्याच रसात भिजवायच्या, खळ्यात वाळत घालायच्या, पुन्हा रसात टाकायच्या आणि साल काळसर व लवचीक होईपर्यंत अशी पुटे देत राहायचे, हे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्याची नाजूक वेळ माहीत आहे. एरवी मान्सून मुंबईला ११ जूनच्या सुमारास पोचतो, तो यंदा २६ मे रोजीच पोचला आणि आमच्याकडे तर त्याच्याही आधीपासून पाऊस लागून राहिला होता. दोन पुटे दिलेल्या साली माजघरात पंख्याखाली पसरल्या, तरी त्यांना पांढरी बुरशी धरली. फणसपोळीची ताटे आतून ओलीच राहिली. झाडावरचे उरलेले रातांबे पडून चिखलात गेले, जे हाती लागले त्यांचे मीठ घालून आगळ केले. मेअखेरची खोल्यांची आरक्षणे एकामागून एक रद्द झाली.

घरातही वर्ष असेच वरखाली झाले. यजमान गोव्यातल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होते, त्यांचे कंत्राट एप्रिलमध्ये पुढे वाढवले गेले नाही. जूनमध्ये सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे सर्व काही अंथरुणावर करावे लागू लागले. श्रावणाच्या सुरुवातीला ते गेले. चतुर्थीला घरी गणपती आणला, पण आरतीला त्यांचा आवाज नव्हता. पुढे काही दिवसांतच मुलीला कोल्हापूरला नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला, आमच्या घरातून वसतिगृहात राहून शिकणारी ती पहिलीच मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या आणि केलेले सगळे आगळ संपले.

माझे विचारणे असे की, धंद्याचे आणि घरचे बरेवाईट एकत्र धरावे की वेगळे? आणि पावसाने जे नेले ते आपल्या कामाचे अपयश म्हणून मोजावे का?

तांडेल (हर्णै)

ताई, मी मच्छीमार आहे, म्हणून माझ्या कामातून जे समजले आहे तेवढेच लिहितो. आमच्याकडे वर्ष डिसेंबरात संपत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, खलाशी आपापल्या गावी जाण्याआधी डिझेल, बर्फ आणि किराण्याचा खर्च वजा करून वाटे चुकते केलेले असतात. त्या दोन महिन्यांत आम्ही मागच्या हंगामाकडे पाहतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की नवे वर्ष सुरू होते. डिसेंबर हा आमच्या हंगामाचा मध्य आहे आणि मध्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला सगळे नुकसान तरी दिसते किंवा सगळा नफा तरी दिसतो. तुमचेही वर्ष मला डिसेंबरात संपणारे वाटत नाही. तुमच्या रातांब्याला आत्ता फुले येत असतील, म्हणजे ज्या वर्षाचा निकाल तुम्ही लावायला बसला आहात त्याच्या पुढचे वर्ष झाडावर केव्हाच सुरू झालेले आहे.

दुसरे, पावसाच्या अपयशाविषयी. माझ्या वडिलांनी एक पद्धत घालून दिली आहे आणि ती मी आजही पाळतो. नौका ज्या दिवशी बाहेर गेली नाही, त्या दिवसापुढे कारण लिहायचे, आणि कारणांचे रकाने दोनच. समुद्र बंद होता म्हणून गेलो नाही, हा एक. समुद्र उघडा असूनही गेलो नाही, हा दुसरा. इंजिन नादुरुस्त होते, खलाशी आला नाही, घरी लग्न होते, अशी सगळी कारणे दुसऱ्या रकान्यात जातात. यंदा २४ मे रोजी कमी दाबाचे तीव्र क्षेत्र रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून आत आले. वाऱ्याचा इशारा तर त्याच्या आधीपासूनच होता आणि बंदी लागायच्या आधीचे ते शेवटचे दिवस, ज्या दिवसांत सुकवणीचा माल आणि पावसाळ्याची बेगमी व्हायची, ते सगळे हातचे गेले. ते नुकसान मोठे आहे, परंतु ते पहिल्या रकान्यातले आहे आणि पहिल्या रकान्यासाठी मी खलाशांना किंवा स्वतःला बोल लावत नाही. विचार करायचा तो दुसऱ्या रकान्याचा, कारण तेवढाच पुढच्या हंगामात आपल्याला बदलता येतो.

तुमच्या आमसुलांची बुरशी पहिल्या रकान्यात लिहावी, असे माझे मत आहे. आणि हाती लागलेल्या रातांब्यांचे आगळ करण्याचा निर्णय तुम्ही अर्ध्या वाक्यात सांगून टाकला आहे, त्याला मात्र स्वतंत्र ओळ द्यावी. सगळा माल डोळ्यांदेखत जात असताना जो वाचवता येईल तो कोणत्या रूपात वाचेल, हे त्या क्षणी सुचणे ही या धंद्यातली खरी जाण आहे, आणि दिवाळीत ते आगळ संपले हे त्याच निर्णयाचे फळ आहे.

खाडीकाठ (चिपळूण)

तांडेलदादांची दोन रकान्यांची पद्धत मला मनापासून आवडली, परंतु ती घराला लावता येईल असे वाटत नाही. मूळ प्रश्नातलेच उदाहरण घ्या. यजमानांचे काम एप्रिलमध्ये सुटले, हे धंद्याच्या आणि पैशाच्या बाजूने सरळ नुकसान आहे. पण ते सुटले म्हणूनच जून-जुलैत सासऱ्यांना उचलायला, कुशीवर वळवायला, दवाखान्यात न्यायला घरात एक पुरुष माणूस होता आणि मुलाला बापाच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ राहता आले. आता ही गोष्ट जमेच्या बाजूला लिहायची की खर्चाच्या? मी गेली अनेक वर्षे बाजारपेठेत किराण्याचे दुकान चालवतो आणि हिशेब हे माझे रोजचे काम आहे, तरी ही नोंद कुठे करावी हे मला सांगता येणार नाही. म्हणून माझे मत असे की, रुपयांचा हिशेब रुपयांपुरता ठेवावा, तो तसाही ३१ मार्चला बंद करावाच लागतो, आणि माणसांचे जे झाले ते त्या वहीत ओढून आणू नये. मात्र ते कुठेतरी लिहून ठेवावे.

हे मी अनुभवाने सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा आमचे दुकान छतापर्यंत पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तर आत गुडघाभर गाळ, फुगून फाटलेली तांदळाची पोती आणि चिखलाने एकमेकांना चिकटलेली उधारीच्या वहीची पाने होती. ती पाने सुटी करता येईनात, म्हणजे कोण किती देणे लागतो हे सांगायला कागद उरला नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत गिऱ्हाइके आपणहून येऊ लागली. कुणी आकडा सांगितला, कुणी पैसे ठेवून गेले, आणि ज्यांची स्वतःची घरे वाहून गेली होती त्यांच्यापैकीही काही जण एवढेच सांगायला आले की आमच्याकडे तुमचे इतके बाकी आहेत, आत्ता देता येणार नाहीत, पण लिहून ठेवा. त्या वर्षीचा ताळेबंद पाहिला तर तो निव्वळ तोट्याचा आहे. ही माणसे त्या ताळेबंदात नाहीत. मी त्यांची नावे वेगळ्या वहीत लिहून ठेवली आहेत आणि आज दुकान उभे आहे ते त्या वहीवर, असे मी मानतो.

आणखी एक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते. ज्या घरातून माणूस गेले आहे त्या घराचे वर्ष वर्षश्राद्धापर्यंत चालते. आपल्या आधीच्या लोकांनी हा काळ उगाच ठरवलेला नाही. सगळे सण एकदा त्या माणसाशिवाय करून झाल्याखेरीज घराला त्याचे नसणे पुरते कळत नाही, आणि तुम्ही चतुर्थीच्या आरतीचे लिहिले आहे त्यावरून ते तुम्हालाही जाणवले आहे असे दिसते. होळी-शिमगा अजून यायचा आहे, पालखी घरी येईल तेव्हा तिच्यापुढे नारळ कोण ठेवणार हे ठरायचे आहे. म्हणून जानेवारीच्या बैठकीत सासऱ्यांविषयी बोलायची घाई करू नये. त्या वर्षाला अजून अवकाश आहे.

ओसरी (गुहागर)

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि वयाने बहुधा तुम्हां सर्वांपेक्षा मोठी असेन, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे.

ताई, तुमचा प्रश्न मी पुन्हा वाचला. त्यात यजमानांचे काम गेले, सासऱ्यांचे आजारपण आले, मुलीला प्रवेश मिळाला, पाऊस आला, पर्यटक आले नाहीत आणि नंतर आले. या सगळ्यात तुम्ही कुठे आहात? सासऱ्यांचे सर्व काही अंथरुणावर ‘करावे लागू लागले’ असे तुम्ही लिहिता. ते कोण करत होते? यजमान उचलायला होते, हे खाडीकाठ यांनी बरोबर टिपले, परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा होतात, पेज भरवताना मान नीट धरली नाही तर ती श्वासनलिकेत जाते, अंथरूण पावसाळ्यात दिवसातून कितीदा बदलावे लागते आणि ते वाळत कुठे घालायचे, हे सगळे ज्या हातांनी झाले त्याच हातांनी त्याच आठवड्यांत आगळाचे पिंप रोज ढवळले जात होते. माझ्या सासूबाईंचे असेच आजारपण मी नोकरी सांभाळून काढले आहे, म्हणून मला हे वाचताना दिसत होते. त्या काळात शाळेच्या दैनिकात मी काय शिकवले याची प्रत्येक तासाची नोंद आहे आणि घरी जे केले त्याची कुठेही नोंद नाही.

कोकणातल्या घराघरांतून हेच चालत आले आहे. पुरुष मुंबईला किंवा गोव्याला, मनीऑर्डरचा आकडा सगळ्या वाडीला ठाऊक, आणि मागे राहिलेल्या बाईने म्हातारी माणसे, गुरे, भातशेती आणि सामाईक घराचे छप्पर सांभाळले, ते मात्र कुणाच्या हिशेबात नाही. ती बाई स्वतःसुद्धा ते धरत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. घर आणि धंदा वेगळे मांडा किंवा एकत्र मांडा, पण शुश्रूषेचे काम हे काम म्हणून लिहा. गटाच्या बैठकीत उभे राहून सांगा की जून ते श्रावण या काळात मी एका रुग्णाची पूर्ण वेळ शुश्रूषा केली आणि त्याच काळात अमुक इतके आगळ तयार केले. ते ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी मनात म्हणतील की हे तर आम्हीही केले आहे. त्यांनाही ते बोलता यावे, म्हणून कुणीतरी आधी बोलले पाहिजे.

कलमबाग (देवगड)

माझे उत्तर केवळ व्यवसायापुरते आहे. मागे वळून पाहायचे ते पुढच्या मे महिन्यासाठी, असे मी समजतो, आणि यंदासारखा पाऊस पुन्हा येऊ शकतो हे धरूनच आपण सर्वांनी आता आखणी केली पाहिजे. आंब्याच्या बागायतदारांनीही यंदा शेवटचा तोड असाच गमावला, कॅनिंगला द्यायचा माल झाडाखालीच कुजला.

रातांब्याची बियांपासून वाढलेली झाडे सुमारे निम्मी नर निघतात आणि उरलेल्यांची फळे पुढेमागे तयार होत राहतात, त्यामुळे मोठा हिस्सा पावसात सापडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात दिली आहे, तिची फळे लवकर तयार होतात. कलमे लावावीत, कारण कलमांत मादी झाडाची खात्री असते. हे अर्थात काही वर्षांनंतरचे उत्तर झाले. येत्या हंगामासाठी गटामार्फत वाळवणी यंत्र घेता येईल का ते पाहावे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावी. केवळ उन्हावर चालणारे यंत्र घेऊ नये. ढगाळ हवेत ते आपल्या खळ्याइतकेच निरुपयोगी ठरते. विजेवर किंवा लाकडावरही चालेल असे पाहावे.

रातांबा (वेंगुर्ले तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर कुणी लिहील असे वाटले नव्हते.

ओसरीताई, तुमचे उत्तर यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ त्यावर बोललो. सासऱ्यांच्या आजारपणाविषयी आम्ही एकमेकांशी इतके बोललोच नव्हतो. औषधे, पैसे आणि नातेवाइकांची ये-जा एवढ्याच विषयांवर बोलणे होत असे. रात्रीची पाळी ते करत होते आणि दिवसाची मी, हे त्यांनी आठवण करून दिले आणि ते खरे आहे. बैठकीत मी शुश्रूषेविषयी बोलणार आहे आणि त्यात दोघांचाही वाटा सांगणार आहे. गटात एक वहिनी आहेत, ज्यांच्या सासूबाई बऱ्याच काळापासून अंथरुणावर आहेत आणि त्यामुळे त्यांना बैठकीला नियमित येता येत नाही. गटाच्या नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड त्यांच्या नावावर चढतो आहे. तो माफ व्हावा आणि पुढची बैठक त्यांच्या घरी घ्यावी, असा ठराव मी मांडणार आहे.

तांडेलदादा, दोन रकाने करून पाहिले. आमसुले आणि रद्द झालेली आरक्षणे पहिल्या रकान्यात गेली. दुसऱ्या रकान्यात एकच मोठी गोष्ट उरली, ती म्हणजे सगळा माल एकाच महिन्याच्या उन्हावर अवलंबून ठेवणे. यजमानांना यंत्रांची चांगली माहिती आहे आणि वाळवणीचे काम आपण अंगावर घेतो, असे ते म्हणत आहेत. पुन्हा गोव्याला कामाला जायचे की इथेच राहायचे, याचा निर्णय मात्र त्यांनी अजून घेतलेला नाही आणि मीही आग्रह धरलेला नाही.

खाडीकाठदादा, पालखीचे तुम्ही लिहिलेत ते अगदी बरोबर आहे. तो मान सासऱ्यांचा होता. त्याविषयी बैठकीत काहीच बोलणार नाही.

कलमबागदादा, आपल्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमची जागा घरामागच्या उताराची आहे, वर कातळ आणि खाली हातभर माती लागते, उन्हाळ्यात पाणी विहिरीतून ओढून घालावे लागेल. अशा जागेत रातांब्याची कलमे तग धरतील का, की खालच्या बाजूला माडांच्या मधल्या सावलीत लावावीत? आणि गटातल्या आम्ही चौघी-पाच जणी मिळून एकच वाळवणी यंत्र घेऊ इच्छितो, तर अर्ज गटाच्या नावाने करणे सोयीचे की एकीच्या? जूनमध्ये लागवड करायची तर कलमांची मागणी आत्तापासून नोंदवावी लागेल, म्हणून सवडीने का होईना पण कृपया कळवावे.